टू-स्ट्रोक इंजिन आणि कामगाराचा हात



इतिहासावरील व्याख्यानाला येताना श्रोते राजे, लढाया, तह आणि सनावळ्या यांची अपेक्षा ठेवून येतात. आमच्यापाशी आज त्यांपैकी सनावळ्याच तेवढ्या आहेत. आमचा विषय आहे एक छोटेसे इंजिन. त्याचा पिस्टन मुठीत मावतो, आणि ते सबंध इंजिन घराच्या ओट्यावर गोणपाट पसरून उघडता येते. एवढ्याशा वस्तूला कसला आला आहे इतिहास, असे कोणी म्हणेल. गेल्या पावसाळ्यापर्यंत आम्हीही असेच म्हणत होतो. कामगार संघटनेत तीस वर्षे काढली. यंत्राच्या धन्याशी भांडलो, यंत्रावर उभ्या असलेल्या माणसासाठी भांडलो. पण ते यंत्र मुळात कोणाच्या डोक्यातून आणि कोणाच्या हातातून निघाले, हे पाहायला आम्हाला कधी सवड झाली नाही. हे आधीच कबूल केलेले बरे.

प्रसंग असा घडला. आमच्या पुतण्याने एक जुनी मोटारसायकल घरी आणली. ती रस्त्यावर चालवायची नव्हे. तिला दिवा नाही, नंबराची पाटी नाही, आरसा नाही. मातीच्या मैदानात, चिखलातून आणि उंचवट्यांवरून उड्या मारीत शर्यत खेळण्यासाठीच ती बनवलेली असते. हल्लीची मुले तिला डर्ट बाईक म्हणतात. गाडी यामाहा कंपनीची, नाव वायझेड १२५. या नावाच्या गाड्या १९७४ पासून निघत आहेत. पुतण्याची गाडी पुष्कळ हातांतून फिरून आलेली. किक मारली की पाय काही अडथळा न होता खाली जाई. म्हणजे इंजिन दाब धरीत नव्हते. एका मोठ्या गॅरेजने दुरुस्तीचा जो आकडा सांगितला, तो ऐकून पोरगा दोन दिवस जेवताना बोलला नाही. तेव्हा शेजारचे मिस्त्री म्हणाले, "भाऊ, त्यात आहेच काय? आपण ओट्यावर उघडू." हे मिस्त्री तरुणपणी राजदूत आणि जावा गाड्या दुरुस्त करीत, पुढे कारखान्यात टर्नर म्हणून लागले आणि तेथूनच निवृत्त झाले. वस्तीत त्यांना सगळे मिस्त्री याच नावाने ओळखतात.

मिस्त्रींचा पहिला नियम असा की, इंजिन उघडण्याआधी ते बाहेरून धुऊन कोरडे करायचे, कारण बाहेरचा एक चिमूट गाळ आत गेला तर केलेले सगळे काम वाया. दुसरा नियम, प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या डब्यात. घरातले मसाल्याचे रिकामे डबे त्या कामी आले. पाणी काढले, कार्बोरेटर उतरवला, सायलेन्सर सोडला, हेडचे नट आळीपाळीने थोडेथोडे ढिले केले आणि हेड उचलले. पुतण्याने स्कूटरचे फोर-स्ट्रोक इंजिन उघडलेले पाहिले होते. तो वाकून पाहू लागला आणि म्हणाला, "काका, यातले बाकीचे सामान कुठे गेले?"

प्रश्न अगदी बरोबर होता. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह असतात, ते उघडणारा कॅम असतो, कॅम फिरवणारी साखळी असते, स्प्रिंगा असतात. येथे हेड म्हणजे केवळ एक झाकण होते, मधोमध प्लगचे भोक पाडलेले. मिस्त्री म्हणाले, "टू-स्ट्रोकमध्ये नसतंच ते." नसते हे खरे, पण का नसते आणि कोणी काढून टाकले? त्या रात्रीपासून आम्ही पुस्तके चाळू लागलो, आणि जे सापडले ते आज आपणापुढे ठेवीत आहोत.

जर्मनीत ऑटो यांनी १८७६ साली फोर-स्ट्रोक इंजिन चालवून दाखवले. त्यात पिस्टनच्या चार फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. एक फेरी आत ओढण्याची, एक दाबण्याची, एक जळण्याची, एक धूर बाहेर टाकण्याची. म्हणजे कामाची फेरी एक आणि बाकीच्या तीन तयारीच्या. हे प्रमाण सुधारावे असे पुष्कळांना वाटले. स्कॉटलंडचे ड्युगल्ड क्लार्क यांनी १८८१ साली अशा इंजिनाचे पेटंट घेतले की ज्यात दर दोन फेऱ्यांत एक स्फोट होई. पण नवे मिश्रण आत ढकलण्यासाठी त्यांना शेजारी दुसरा सिलिंडर ठेवावा लागला. काम वाढले तसे सामानही वाढले.

पुढचे पाऊल इंग्लंडमधील बाथ या गावी पडले. तेथे जोसेफ डे या गृहस्थांचा ओतकामाचा आणि यंत्रे बनवण्याचा कारखाना होता. त्यांनी १८८९ च्या सुमारास असा विचार केला की, पिस्टन वर जाताना त्याच्या खालच्या बाजूस, क्रँकच्या पेटीत, आपोआपच पोकळी होते, आणि तो खाली येताना तेथे दाब होतो. मग दुसरा सिलिंडर हवा कशाला? क्रँकची पेटी हाच पंप. मिश्रण आधी खाली ओढायचे, मग तेथून वर ढकलायचे. १८९१ साली त्यांनी याचे पेटंट घेतले. पण मिश्रण आत आल्यावर उलटे परत जाऊ नये म्हणून त्यांच्या इंजिनाला झडपा ठेवाव्या लागल्या होत्या.

आता आमच्या विषयातील मुख्य माणूस येतो. डे यांच्याच कारखान्यात फ्रेडरिक कॉक नावाचा एक कामगार होता. त्याने १८९२ साली असे पाहिले की, सिलिंडरच्या भिंतीत योग्य उंचीवर तिसरे भोक पाडले, तर पिस्टनचा खालचा घेर वरखाली होताना ते भोक आपोआप उघडतो आणि आपोआप बंद करतो. मग झडपच नको. पिस्टन हीच झडप. एकच तुकडा दाब घेतो, दाब देतो, दारे उघडतो आणि दारे लावतो. झडपांसाठी लागणारे सारे सामान त्या दिवशी इंजिनातून बाहेर पडले. पुतण्याने जे विचारले त्याचे उत्तर हे आहे. ते सामान कोठे हरवले नाही. एका कामगाराने ते काढून ठेवले.

आता पाहा, पुस्तकांत या इंजिनाला डे यांचे इंजिन म्हणतात. कॉकचे नाव एका ओळीत येते, आणि तेही बहुधा 'डे यांच्या एका कामगाराने' अशा शब्दांत. डे यांच्यावर आमचा राग नाही. त्यांची कल्पना मोठी होती, आणि त्यांच्याही नशिबी सुख आले नाही. कोर्टकज्जे झाले, पैसा बुडाला, आणि १९४६ साली ते वारले तेव्हा जग त्यांना विसरले होते. धनी आणि कामगार दोघेही विसरले गेले. पण धन्याचे नाव निदान यंत्रावर राहिले.

ही यंत्राची कथा झाली. ते यंत्र चिखलात कसे उतरले, तेही ऐकण्यासारखे आहे. इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात आल्फ्रेड स्कॉट यांनी १९०८ साली टू-स्ट्रोक इंजिनाची मोटारसायकल बाजारात आणली. शिप्ले या गावी त्यांचा कारखाना होता. १९१४ साली त्यांनी आपल्या कारखान्यातील कामगारांनाच आव्हान दिले की, शिप्लेहून निघा, डोंगरदऱ्यांतल्या वाटांनी बर्न्सॉलपर्यंत पोहोचून दाखवा. चौदा जण निघाले आणि नऊ पोहोचले. ती स्पर्धा पुढे स्कॉट ट्रायल म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्याच नमुन्यावर, पण तिच्याहून मोकळी, अशी एक शर्यत दक्षिण इंग्लंडमधील कँबर्ली येथे २९ मार्च १९२४ रोजी झाली, आणि मातीतल्या मोटारसायकल शर्यतीचा उगम तिच्यात धरतात. फ्रेंच लोकांनी या खेळाला मोटोक्रॉस हे नाव दिले आणि तेच जगभर रूढ झाले. आज हा खेळ श्रीमंतांच्या मुलांचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी स्वतः बनवलेली गाडी डोंगरात घालणारे चौदा कामगार आहेत. स्वतः जोडलेले यंत्र स्वतःच चालवून पाहिले की कोठे तुटते ते समजते, आणि संध्याकाळी तेच हात ते दुरुस्त करतात. कारखाना आणि शर्यत यांच्यात त्या वेळी भिंत नव्हती.

असो. आपण ओट्यावर परत जाऊ. हेड निघाल्यावर मिस्त्रींनी सिलिंडर दोन्ही हातांनी हलवून हळूच वर घेतला आणि लगेच खालच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडके कोंबले. लॉकची बारीक तार किंवा एखादा वायसर त्या तोंडात पडला, तर त्यासाठी पुढे सगळे इंजिन फोडावे लागते. मग त्यांनी पिस्टन पुतण्याच्या हातात दिला. ज्या बाजूने धूर बाहेर पडतो त्या बाजूला पिस्टन तपकिरी झाला होता आणि त्याच्यावर उभे ओरखडे होते. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजली, तर ती कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या पुष्कळ पुढे गेली होती. दाब न धरण्याचे कारण सापडले.

त्या पिस्टनचा माथा जवळजवळ सपाट होता. ही साधी गोष्ट वाटते, पण तिलाही इतिहास आहे. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांत पिस्टनच्या डोक्यावर एक उंचवटा असे. आत आलेले ताजे मिश्रण थेट समोरच्या दाराने निघून जाऊ नये, वर वळावे, यासाठी. त्यामुळे पिस्टन जड होई आणि तापे. जर्मन इंजिनिअर आडोल्फ श्न्यूर्ले यांनी १९२० नंतरच्या दशकात दारांचीच दिशा अशी बदलली की दोन बाजूंनी येणारे झोत मागच्या भिंतीकडे जाऊन एकमेकांना भिडतात, वर चढतात आणि वळसा घेऊन धुराला बाहेर लोटतात. उंचवट्याची गरज संपली. ही पद्धत मोटारसायकलीत आणली ती सॅक्सनीतील त्शोपाऊ गावच्या डीकेडब्ल्यू कारखान्याने. रासमुसेन या डॅनिश गृहस्थाने उभा केलेला हा कारखाना त्या काळी मोटारसायकली बनवण्यात जगात अग्रभागी होता.

या कारखान्यातून १९३९ साली आरटी १२५ नावाची एक हलकी गाडी निघाली. शक्ती पाच अश्वशक्तीच्याही आत. पण ती इतकी साधी आणि सरळ होती की महायुद्धात जर्मनी हरल्यावर जेत्यांनी आणि इतरांनीही तिचा आराखडा उचलला. रशियाने त्शोपाऊची यंत्रसामग्री नुकसानभरपाई म्हणून नेली आणि १९४६ साली मॉस्कोत तिची प्रत काढली. इंग्लंडमध्ये १९४८ साली बीएसए कंपनीची बॅन्टम निघाली, अमेरिकेत त्याच वर्षी हार्ले-डेव्हिडसनची १२५ सीसीची गाडी निघाली. दोन्हींचे मूळ हेच. आणि जपानमध्ये १९५५ साली एका वाद्ये बनवणाऱ्या कंपनीने आपली पहिलीवहिली मोटारसायकल काढली, तीही याच आरटी १२५ वरून. ती कंपनी म्हणजे यामाहा. आमच्या ओट्यावर उघडलेल्या गाडीची वंशावळ अशी त्शोपाऊपर्यंत जाते.

यामाहाची स्वतःची सुरुवातही दुरुस्तीतून झाली, हे येथे सांगितले पाहिजे. १८८७ साली हामामात्सु गावच्या एका शाळेतील ऑर्गन बिघडला. तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराने तो उघडून दुरुस्त केला, आतली रचना समजून घेतली आणि मग स्वतः तसा ऑर्गन बनवला. तो ऑर्गन आपल्या पेटीच्या कुळातला, धातूच्या पातळ जिभांवर वाजणारा. गंमत अशी की पुतण्याच्या इंजिनात, कार्बोरेटर जेथे जोडतात तेथे, तशाच पातळ पट्ट्यांची एक पेटी निघाली. तिला रीड व्हॉल्व्ह म्हणतात. खाली पोकळी झाली की पट्ट्या वाकून मिश्रण आत घेतात, दाब झाला की मिटतात. यामाहाने १९७२ च्या सुमारास आपल्या मातीतल्या गाड्यांना त्या बसवल्या, कारण त्यामुळे कमी वेगातही इंजिन नीट ओढते. म्हणजे आत येणाऱ्या वाटेवरची जी झडप कॉकने काढली होती, ती ऐंशी वर्षांनी हलकी होऊन परत आली. इतिहास सरळ रेषेत चालत नाही. मात्र बाकीची दारे आजही पिस्टनच उघडतो आणि लावतो.

आता सायलेन्सरकडे वळू. या गाडीचा सायलेन्सर साध्या नळीसारखा नसतो. तो मध्येच दुधी भोपळ्यासारखा फुगतो आणि पुढे पुन्हा निमुळता होतो. पुतण्याला तो शोभेसाठी आहे असे वाटत होते. वास्तविक या गाडीची निम्मी ताकद त्या फुगीर पोटात आहे. धूर बाहेर पडताना दाबाची एक लाट नळीतून धावते. नळी रुंदावते तेथून ओढीची लाट मागे फिरते आणि सिलिंडर साफ करते. नळी निमुळती होते तेथून दाबाची लाट परत येते आणि दाराबाहेर पडू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत लोटते, आणि तेवढ्यात पिस्टन दार लावतो. हे सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात व्हावे लागते.

या विद्येचा मोठा उपासक त्याच त्शोपाऊ गावी झाला. त्याचे नाव वाल्टर काडेन. युद्धानंतर तो भाग पूर्व जर्मनीत गेला, कारखान्याचे नाव एमझेड झाले, आणि काडेन १९५३ पासून तेथील शर्यतींच्या विभागाचा प्रमुख झाला. हाताशी पैसा थोडा, चांगला पोलाद मिळणे कठीण. त्याने ऑसिलोस्कोप लावून नळीतल्या लाटा पाहिल्या, नळ्या कापल्या, पुन्हा जोडल्या. १९६१ साली त्याचे १२५ सीसीचे इंजिन मिनिटाला १०,८०० फेऱ्यांवर २५ अश्वशक्ती देऊ लागले. लिटरमागे २०० अश्वशक्ती हा टप्पा हवा दाबून भरण्याचे वेगळे यंत्र न लावता गाठणारे ते पहिले इंजिन. बावीस वर्षांपूर्वी त्याच गावात तेवढ्याच मापाचे इंजिन पाच अश्वशक्तीही देत नव्हते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. काडेनचा सर्वोत्तम स्वार एर्न्स्ट डेग्नर हा स्वतः इंजिनिअर होता. सप्टेंबरात स्वीडनमधील क्रिस्तियानस्टाड येथे शर्यत झाली. तीत त्याचे इंजिन बंद पडले, आणि तो तेथून पूर्व जर्मनीत परतलाच नाही. त्याची बायको आणि दोन मुले मोटारीच्या डिकीत लपून सीमेपलीकडे आली. पुढे डेग्नर जपानच्या सुझुकी कंपनीत गेला, काडेनची विद्या बरोबर गेली, आणि १९६२ साली ५० सीसीच्या गटात सुझुकीने आपले पहिले जागतिक अजिंक्यपद मिळवले. डेग्नरला दोष देणे आम्हाला जमत नाही. ज्याची बायकामुले भिंतीआड अडकली होती त्याच्या जागी बसल्याशिवाय निवाडा करू नये. पण काडेनचे काय? त्याच्या श्रमांचे फळ दुसऱ्या खंडात गेले, आणि तो त्शोपाऊलाच काम करीत राहिला. १९९६ साली तो वारला. आज जगातली प्रत्येक टू-स्ट्रोक शर्यतीची गाडी त्याने घडवलेल्या विद्येवर धावते.

डांबरी रस्त्यावरची ही विद्या लवकरच मातीत उतरली. मोटोक्रॉसचे जागतिक अजिंक्यपद ५०० सीसीच्या गटात १९५७ साली आणि २५० सीसीच्या गटात १९६२ साली सुरू झाले. लहान गटात पहिल्याच वर्षी स्वीडनचा टॉर्स्टन हॉलमन हुस्क्वार्नाच्या टू-स्ट्रोकवर जिंकला. मोठ्या गटात फोर-स्ट्रोकचे राज्य होते. १९६४ आणि १९६५ साली इंग्लंडचा जेफ स्मिथ बीएसएवर जिंकला. पण १९६६ साली पूर्व जर्मनीचा पाउल फ्रीडरिक्स झेकोस्लोव्हाकियाच्या सीझेडवर बसून आला आणि मोठा गटही टू-स्ट्रोकने घेतला. १९७० साली बेल्जियमच्या जोएल रोबेरने सुझुकीवर २५० सीसीचे अजिंक्यपद मिळवले. मोटोक्रॉसमध्ये जपानी गाडीचे ते पहिले. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षे मातीत टू-स्ट्रोकचाच आवाज ऐकू येत होता.

आपल्याकडे या घराण्याची एक शाखा पोचली होती. झेकोस्लोव्हाकियाची जावा १९६१ पासून म्हैसूरला बनू लागली, आणि पोलंडच्या एसएचएल गाडीवरून राजदूत निघाली. ज्या राजदूतवर दुधाच्या किटल्या अडकवून गवळी पहाटे गावात येत, तिचे इंजिन याच जातीचे. ते उघडायला मोठे हत्यार लागत नसे. म्हणून तालुक्याच्या प्रत्येक गावी पिंपळाखाली किंवा एसटी स्टँडच्या मागे एक मिस्त्री असे. तो 'हाफ इंजिन' म्हणजे हेड, बोअर आणि पिस्टनचे काम एका दिवसात करून देई, आणि 'फुल इंजिन' म्हणजे क्रँकपर्यंतचे काम दोन-तीन दिवसांत. आमचे मिस्त्री अशाच एका झाडाखाली शिकले. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, राजदूतही गेल्या. पण ती विद्या त्या हातांत राहिली.

आता आमच्या चुकीची हकिकत सांगतो. हात लावलाच आहे तर क्रँकही पाहून घेऊ, असे मिस्त्री म्हणाले. त्यांनी कनेक्टिंग रॉड धरून वरखाली ओढून पाहिला. खडखड लागली नाही. गिअरच्या बाजूचे ऑईल सील गेले तर इंजिन गिअरचे तेल पिते आणि धूर करते. मॅग्नेटच्या बाजूचे गेले तर बाहेरची हवा ओढते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन तापून चिकटतो. पिस्टन का करपला होता ते तेव्हा कळले. मॅग्नेटच्या बाजूचे सील दगडासारखे कडक झाले होते. ते बदलले. नवा पिस्टन आला, रिंग आली, पॅकिंग आले. गजनपिन जागेवर ठेवणारी दोन लॉक मात्र सामानात आली नव्हती. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, लॉक नवीन आणा. एकदा काढलेलं लॉक पुन्हा लावू नये." आम्ही जुने लॉक बोटात फिरवून पाहिले आणि म्हणालो, "चांगले तर आहे. रविवार वाया कशाला घालवता?" मिस्त्री आमच्याकडे पाहत राहिले आणि गप्प बसले. तीस वर्षे ज्या माणसाने आम्हाला आपला पुढारी मानले, तो आमच्यासमोर दुसऱ्यांदा बोलला नाही.

गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली. सगळी वस्ती गोळा झाली, पेढे वाटले गेले. वीस मिनिटांनी आतून करकर असा आवाज आला आणि इंजिन बंद पडले. उघडून पाहिले तर जुने लॉक खोबणीतून निसटून सिलिंडरच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत चर पाडून गेले होते. राजदूतचा सिलिंडर असता तर थोडा बोअर करून मोठा पिस्टन घालता आला असता. पण या जातीच्या सिलिंडरला निकेल आणि सिलिकॉन कार्बाईड यांचा अतिशय कठीण पातळ थर असतो; माहले या जर्मन कंपनीने १९६७ साली तो प्रथम काढला. तो बोअर करून भागत नाही. दुसरा सिलिंडर मागवावा लागला, आणि पुतण्याची सहा महिन्यांची बचत गेली. चार-दोन रुपयांच्या तारेसाठी!

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. पैशाचे दुःख होतेच. पण कॉकची गोष्ट वाचून दोनच आठवडे झाले होते, कामगाराच्या नावाची कशी उपेक्षा होते यावर आम्ही पुतण्याला मोठे व्याख्यान दिले होते, आणि प्रत्यक्षात ओट्यावर एका कामगाराने सांगितलेले शहाणपण आम्हीच उडवून लावले होते. धनी कामगाराचे ऐकत नाही अशी तक्रार आम्ही आयुष्यभर केली. पुढारी तरी ऐकतो काय?

दुसऱ्या वेळी आम्ही फक्त पाने पुसून हातात देण्याचे काम केले. मिस्त्री सांगत गेले आणि पुतण्या करीत गेला. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला; रिंगची टोके खोबणीतल्या खिळीवर; लॉक नवीन, आणि त्याचे उघडे तोंड वर किंवा खाली, आडवे नाही; सिलिंडर बसवताना जबरदस्ती नाही; हेडचे नट कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने, टॉर्कच्या पान्याने, समोरासमोर. मग इंजिन थोडे तापू द्यायचे, पूर्ण निवू द्यायचे, पुन्हा तापवायचे. असे तीन-चार वेळा केल्यावरच गाडी मैदानात न्यायची. पुतण्याने प्रत्येक माप वहीत लिहून ठेवले. ती गाडी आजही धावते.

टू-स्ट्रोकचे हे गुणगान ऐकून कोणी असा समज करून घेऊ नये की जुने तेवढे सोने. या इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळते, काही मिश्रण न जळताच बाहेर जाते, आणि शहरातल्या हजारो गाड्यांचा तो निळा धूर आपल्याच पोरांच्या छातीत जात होता. रस्त्यावरून त्या गेल्या हे योग्यच झाले. शर्यतीच्या मैदानातही १९९८ साली यामाहानेच वायझेड ४०० एफ ही फोर-स्ट्रोक गाडी आणली आणि पुढच्या काही वर्षांत मोठे गट फोर-स्ट्रोककडे गेले. त्या गाड्या उत्तम आहेत. परंतु त्यांच्या हेडमध्ये कॅम, साखळी, स्प्रिंगा आणि अचूक फटी मोजून बसवायचे व्हॉल्व्ह आहेत, आणि त्यांचे काम महागडे आहे. ओट्यावर बसलेल्या पोराला आणि निवृत्त टर्नरला तेथे हात घालायला भीती वाटते. यंत्र सुधारले म्हणजे ते लोकांच्या हातातून निसटलेच पाहिजे काय, हा प्रश्न इंजिनापुरताच नाही.

या सगळ्या हकिकतीतून आम्ही एकच गोष्ट शिकलो. यंत्राचे ज्ञान दोन ठिकाणी राहते. एक पेटंटच्या कागदात आणि दुसरे हातात. कागदातले ज्ञान विकता येते, जप्त करता येते, युद्धात लुटून नेता येते. त्शोपाऊने हे सारे पाहिले. हातातले ज्ञान एका माणसाने दुसऱ्याला शेजारी बसवून दिले तरच टिकते, आणि ते देणाऱ्याचे नाव कोठे लिहिले जात नाही. आम्ही आजवर जेवढी मागणीपत्रे लिहिली, त्यांत पगार होता, महागाई भत्ता होता, रजा होत्या, कँटीनचा चहासुद्धा होता. पण कामगाराने यंत्रात सुधारणा सुचवली तर ती त्याच्या नावाने नोंदली जावी, असे कलम आम्ही एकदाही घातले नाही. ही चूक मालकांची नव्हे, आमची. पुढच्या मागणीपत्रात ते कलम राहील. मालक ते मान्य करतील न करतील, तो झगडा पुढचा. मागितले नाही तर मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

पुतण्याची ती वही आम्ही परवा चाळली. शेवटच्या पानावर सगळ्या मापांच्या खाली त्याने मिस्त्रींचे पूर्ण नाव लिहिले आहे, आणि त्यापुढे तारीख. आम्ही तीस वर्षे शेजारी राहिलो. त्यांचे पूर्ण नाव आम्हाला त्या पानावर कळले.